अण्णांनी ओढलेली झील

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. बारामतीजवळ जळोचीत राहते, शाळेत विज्ञान शिकवते. कुणाच्या अंगात आलं की मी आधी त्याला लिंबूसरबत देते, मग बाकीचं बघते. त्यामुळे हे लिहायला मलाच बराच वेळ लागला. हसायचं त्यांनी खुशाल हसा... पण शेवटपर्यंत वाचा.

माझे वडील, अण्णा, मूळचे इंदापूर तालुक्यातल्या शेळगावचे. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, अण्णांच्या काळात शेती आली. पण अण्णांची खरी ओळख ओवीची. बिरोबाच्या जत्रेत ढोल वाजायला लागले की लोक रामाच्या, म्हणजे अण्णांच्या, ओवीची वाट बघत बसायचे. आमच्याकडे एक जण ओवी म्हणतो आणि दुसरा त्याच्या ओळीचं शेपूट उचलून पुन्हा म्हणतो, त्याला झील ओढणं म्हणतात. अण्णांची झील जन्मभर किसनतात्यांनी ओढली. दोघं लहानपणापासूनचे दोस्त.

अण्णांची गाजलेली ओवी म्हणजे नीरेच्या काठी चुकलेल्या मेंढीची. ओवी ज्यानं रचली त्याचं नाव शेवटच्या ओळीत गुंफायची आमच्यात रीत आहे. त्या ओळीत ‘शेळगावच्या रामाची ओवी’ असं आलं की पुढे बसलेली मी ताठ व्हायचे. माहेरी, सासरी, सगळीकडे मी ‘ओवीवाल्या रामाची पोरगी’. एवढं करून अण्णांनी स्वतःचा आवाज कधी रेकॉर्ड करू दिला नाही. देवाचं गाणं डब्यात कोंडायचं नाही म्हणायचे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अण्णा गेले. वर्षभरानं गावानं ठरवलं की बिरोबाच्या देवळात फरशीवर ती ओवी कोरून लावायची, खाली अण्णांचं नाव. मला आभाळ ठेंगणं झालं. आणि तेवढ्यात गावच्या ग्रुपवर तात्यांचं एक रेकॉर्डिंग आलं. काटेवाडीत लेकीच्या ओट्यावर एकटेच बसून तीच ओवी म्हटलेली, आणि शेवटी काय? ‘शेळगावच्या किसनाची ओवी’!

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला आमच्या घरी पहिलं ताट वाढलं जायचं, तो अण्णांच्या माघारी असं करतो? खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. फरशीचं पक्कं करायला शेळगावात देवळापुढं बैठक होती. मी तात्यांना फोन करून सांगितलं, काटेवाडीत तयार राहा, मी न्यायला येते. वाटेत त्यांना त्यांचंच रेकॉर्डिंग ऐकवायचं आणि तोंडावर जाब विचारायचा, असं मी ठरवलं होतं.

गाडी अण्णांचीच, जुनी, कॅसेटच्या टेपची. मोबाईलवरची गाणी त्यावर लावायला मी भिगवण रोडवरच्या एका दुकानातून एक जुगाड आणलं होतं. दिसायला कॅसेट, पण आत फीत नाही. तिच्यातून एक वायर निघते, ती मोबाईलला जोडायची, की मोबाईलमधलं गाडीच्या स्पीकरवर. त्यात स्वतःचं असं काही साठतच नाही.

सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, पुढे उसाच्या ट्रॉल्या. तात्या शेजारी बसलेले. म्हटलं, तात्या, तुमची ओवी लावू का? ते शांतपणे म्हणाले, “लाव की. म्या कुठं चोरून म्हनलीया.”

मी लावली. पहिली ओळ तात्यांची. ती संपली आणि तिचं शेपूट कुणीतरी उचललं.

मला वाटलं शेजारी तात्याच गुणगुणतायत. वळून बघितलं तर त्यांचे ओठ मिटलेले आणि डोळे टेपवर खिळलेले. दुसरी ओळ... पुन्हा झील. तो वरच्या सुराला चिरकणारा आवाज, मध्येच नाकानं ओढलेला श्वास. अण्णांचा. माझ्या बापाचा आवाज मला ओळखू येणार नाही का?

गाडी कडेला घेतली. वायर उपसली आणि नुसत्या मोबाईलवर लावलं, तर एकटे तात्या. वायर जोडली की दोघं. मी हे पुन्हा पुन्हा करून बघितलं. मग शेवटची ओळ आली. तात्या म्हणाले, शेळगावच्या किसनाची ओवी. आणि मागून अण्णांनी स्पष्ट, सावकाश झील ओढली, “किसनाची ओवी... किसनाची...”

तात्या रडत होते. डोळे पुसत म्हणाले, “तुज्या बापानं उभ्या जन्मात कुणाची झील वढली न्हाय, पोरी. बोल माजं हुतं, गळा त्याचा. पयल्या जत्रंत त्यानं सोताचं नाव घातलं, लोकांनी डोक्यावर घेतला. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे, दोस्त हाय. दवाखान्यात शेवटचं इचारलं, रामा, आता तरी सांग की लोकास्नी. त्यो भिंतीकडं तोंड करून पडला.”

मी जाब विचारायला निघाले होते. आता कुणाला विचारू? जत्रेतली ती ताठ बसलेली पोरगी मला आठवली आणि लाज वाटली, मग संताप आला. तात्यांचा नाही, अण्णांचा. फसवलंत तुम्ही मला, अण्णा. आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दांवर मिरवलात आणि मलाही मिरवायला लावलंत.

बैठकीत मी सांगितलं, फरशीवर किसनतात्यांचं नाव कोरा. चुलते म्हणाले, “पोटच्या पोरीनं बापाच्या नावावर पानी सोडलं.” त्यांना काय सांगणार होते, गाडीचा टेप म्हणाला म्हणून? फरशी लागली, तात्यांच्या नावाची. चुलत्यांनी बोलणं टाकलं ते आजतागायत.

नंतर मी सगळं तपासलं. दुसरा मोबाईल लावला, दुसरी वायर लावली, दुकानदारासमोर ती कॅसेट उघडून बघितली, कशातच काही सापडलं नाही. मला विज्ञान येतं, पण याचं उत्तर येत नाही. अजूनही कधीमधी ते रेकॉर्डिंग गाडीत लावते. मला अण्णांना एकच विचारायचंय, जिवंतपणी का नाही सांगितलंत? तात्या ओळ संपवतात आणि सवयीनं झिलेपुरती जागा सोडतात. मी आवाज वाढवते. त्या जागेत आता कुणीच येत नाही.

त्या दिवशी अण्णा आले ते तात्यांसाठी. मी शेजारीच बसले होते... माझ्यासाठी ते एक शब्द बोलले नाहीत.