सुलट म्हणजे कोणत्या बाजूनं

माझ्या मेव्हण्याच्या तोंडी एक शब्द कायम असतो, 'सुलट'. तो ऐकला की अजूनही माझं डोकं सणकतं.

मेव्हण्याचं विहिरीच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं दुकान आहे. थ्री फेज मोटार जोडताना तो तारा हाताला येतील तशा लावतो, बटण दाबतो आणि पाइपाच्या तोंडाकडे बघतो. पाणी जोरात आलं की मोटार सुलट फिरते. बारीक आलं तर दोन तारांची अदलाबदल करायची आणि पुन्हा बटण दाबायचं. आमच्या वडवणी भागात सगळेच असं करतात. विहिरीवर त्यानं काही बिघडत नाही, हे मीही मान्य करतो. पण माझ्या थोरल्या भावाची बोट म्हणजे विहीर नव्हे.

भावाची हयात फवारणीचे पेट्रोलवर चालणारे पंप दुरुस्त करण्यात गेली. हौस एकच, इंजिनावर चालणारी छोटी बोट. साडेतीन फूट लांब, चार मिलिमीटर प्लायची, आत गवत कापायच्या यंत्राचं मोडीतून काढलेलं इंजिन. काठावर बसून रिमोटनं चालवायची. शेततळ्यात ती पळायला लागली की शेजारच्या वावरातली कामं थांबायची. मग त्याला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. रिमोट मांडीवर ठेवून डाव्या हातानं चालवायला तो शिकला. पण इंजिन दोरी ओढून सुरू व्हायचं, आणि त्याला दोन हात लागतात. एकानं बोट दाबून धरायची, दुसऱ्यानं ओढायचं.

घरातले सगळे म्हणाले, दोरी आम्ही ओढतो, तुम्ही नुसती चालवा. तो म्हणाला, "दुसऱ्यानं चालू केली तर ती दुसऱ्याची बोट." आणि बोट माळ्यावर गेली. त्यानंतर त्याच्याशी सगळे ज्या सुरात बोलायला लागले त्या सुराचा मला फार राग यायचा. जेवलात का, झोपलात का, उन्हात कशाला जाता. साठीच्या माणसाशी कुणी असं बोलतं का?

मी बोट खाली काढली आणि तिला बटणाचा स्टार्टर बसवायचं ठरवलं. आधी सगळं मोजलं. बोटीचं वजन पावणेपाच किलो. बारा व्होल्टची मोटर साडेसहाशे ग्रॅमची, ती मागे बसवली तर बोट शेपटीवर बसणार, म्हणून इंजिनाच्या पुढे घेतली. बॅटरी जड, ती काठावरच ठेवायची आणि तारेनं जोडायची. मोटरवर वीस मिलिमीटरची पुली, इंजिनाच्या शाफ्टच्या टोकाला साठची, मध्ये रबरी पट्टा. मोटरचे तीन फेरे, इंजिनाचा एक. मोटर बिजागरीच्या पट्टीवर बसवली. डाव्या हाताच्या तळव्यानं पट्टी दाबली की पट्टा ताणतो, त्याच हाताच्या अंगठ्याखाली बटण. इंजिन लागलं की हात उचलायचा, पट्टा सैल.

एकच गोष्ट नाजूक होती. मोठी पुली शाफ्टच्या आट्यांवर फिरवून बसवलेली होती. मोटर बरोबर दिशेनं फिरली तर पुली आणखी घट्ट होते. उलट फिरली तर बाटलीच्या झाकणासारखी सुटून बाहेर येते. म्हणून मी पुलीशेजारी लाल बाण रंगवला आणि तारांच्या टोकांना लाल व काळी चिकटपट्टी गुंडाळली.

पहिल्या चाचणीला आम्ही मेव्हण्याच्या शेततळ्यावर गेलो. ट्रॅक्टरची बॅटरी त्याचीच. भाऊ खुर्चीवर, बोट त्याच्यासमोर स्टुलावर. पेट्रोलमध्ये ऑइल पंचवीसला एक या प्रमाणात मिसळायचं राहिलं होतं, म्हणून मी मापाचा ग्लास आणायला गाडीकडे वळलो. जाताना मेव्हण्याला बजावून सांगितलं, "मी येईपर्यंत तारा जोडायच्या न्हाईत."

तेवढ्यात त्यानं जोडल्या. माझी चिकटपट्टी बघितलीसुद्धा नाही. मला दुरून ऐकू येत होतं.

"थोरले दाजी, दाबा बटण."

"त्याला येऊ दे," भाऊ म्हणाला.

"त्येंचं मोजमाप दिवाळीपस्तोर चालंल. कावून भेता? उलटं फिरलं तर वायर बदलू की. सुलट होतंय."

भावानं बटण दाबलं. मी पळत पोचलो तोवर पुली आट्यांवरून सुटली होती. तिनं पट्टा तोडला, बोटीच्या तळावर आपटली आणि प्लाय फोडून स्टुलाखाली पडली. शाफ्टच्या शेवटच्या आट्यांचा चुरा झाला होता.

मेव्हणा हसत होता. "आयला, उलटं हुतं वाटतं."

"बाण कशाला काढलाय बे मी? शोभेला?"

"अवो दाजी, आता कळलं ना, कोणती बाजू सुलट ती! चालतंय. लेथवर आटे पाडून आणतो."

"चालतंय न्हाई! हे तुझं विहिरीचं पाणी न्हाई, दुसऱ्यांदा बटण दाबायला! इथं पहिल्यांदाच बरोबर पायजे!"

मी आणखीही बरंच बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही आणि मागे घेण्यासारखंही नाही. भाऊ तळाच्या भोकात डाव्या हाताचं बोट घालून चाचपत राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "माळ्यावर टाक." त्याच्या सुनेनं लगेच त्याच सुरात विचारलं, "दमलात का?" मी ताट सोडून उठलो.

मी बोट माळ्यावर टाकली नाही. तळाला आतून प्लायचा तुकडा चिकटवला, शाफ्टवर आटे नवे पाडून घेतले, पुलीपुढे उलट आट्यांचा जादा नट बसवला. बॅटरीची आणि बोटीची तार जोडायला जाड-बारीक पिनांचा प्लग आणला. तो एकाच बाजूनं बसतो, उलटा घालायचा म्हटलं तरी जात नाही. घरच्या ओट्यावर बोट उचलून धरून तपासलं. मोटर बाणाच्या दिशेनंच फिरली.

दुसऱ्या वेळी मेव्हणा न बोलावता आला. बॅटरीपाशी वाकून प्लग हातात घेत म्हणाला, "आणा, मी लावतो." मीही एका हातानं बोट धरली होती आणि दुसरा पट्टीवर नेत होतो, पट्टा नीट ताणला जावा म्हणून. भावानं डाव्या हातानं मेव्हण्याच्या मनगटावर फटका मारला. मग माझ्याकडे बघितलं.

"दोगं बी मागं सरा. पार तारंच्या कुंपणापाशी."

"दादा, पहिल्यांदा मी फक्त…"

"मागं."

मला राग आला. स्टार्टर मी केला होता, मोजमाप माझं होतं. तरी मेव्हण्याशेजारी कुंपणाला टेकून उभा राहिलो. भावानं प्लग मांडीत धरून जोडला. एका हातानं त्याला वेळ लागला. त्यानं बोट पोटाशी रेटली, तळवा पट्टीवर ठेवला, अंगठा दाबला. मोटर गुरगुरली, इंजिन दोनदा खोकलं, तिसऱ्यांदा लागलं. शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर आवाज आपटून दुप्पट झाला.

मेव्हण्यानं लगेच फोन काढला आणि कुणाला तरी ओरडून सांगायला लागला, "चालू केली बे आमी थोरल्या दाजीची बोट!"

मी त्याच्या हातातला फोन हिसकावून घेतला. पलीकडचा माणूस "काय, काय?" करत होता.

"ह्यानं चालू केली न्हाई," मी ओरडलो. "मी बी न्हाई. त्यानं केली."