मी वाजवून दिलेली कौलं

हे मी आजवर कुणाजवळ काढलेलं नाही. मालक होते तोवर त्यांच्याजवळ नाही, लेकींजवळ नाही. देवळात जाते, पण तिथंही समोर उभी राहिले की नातवंडांचंच बोलत बसते आणि हे राहून जातं. राहून जातं म्हणजे — मीच राहू देते. तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

मला लिहायची सवय नाही. शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं वाचन चिरमुऱ्याच्या पुड्या सोडून त्यांच्या कागदांवर केलं, त्यामुळं कुठल्याच गोष्टीचा शेवट मला कधी मिळाला नाही. तेव्हा इकडचं तिकडं होईल. चालवून घ्या.

आधी कौलांचं सांगते. आमचं घर नंदगडच्या अलीकडं, खानापूरच्या बाजूला. बेळगावच्या पावसाला छत्री पुरते. आमच्याकडं छत्री नुसती हातात धरायची, भिजायचं ते भिजायचंच. त्यात गोव्याच्या बाजूनं वारं घाट चढून येतं आणि कौलांच्या खाली बोटं घातल्यासारखं त्यांना उचलून बघतं. म्हणून मिरगाच्या पावसाआधी घर परतून घ्यायचं — सगळी कौलं उतरवायची, शेवाळ घासायचं, खालच्या लाकडी रिपा बघायच्या, फुटकी बाजूला काढून चांगली परत चढवायची.

फुटकं कसं ओळखायचं? तुकडा उडाला असेल तर दिसतंच. पण केसाएवढी चीर डोळ्याला दिसत नाही, ती कानाला कळते. कौल एका हातावर तोलायचं आणि बोटाच्या पेरानं वाजवायचं. चांगलं असेल तर खण्ण वाजतं. चीर असेल तर बद्द. गावात म्हणायचे, थोरलीचा कान म्हणजे कान. मला ते आवडायचं. का नाही आवडणार?

आणि मालूचा कान — मालू म्हणजे माझी धाकटी जाऊ. लहानपणी तापात तिचे कान गेले. अगदी ठार नाही. उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं बोललं की तिला कळायचं. एरवी ती माणसाच्या तोंडाकडं बघत राहायची, आणि सगळे हसले की हसायची.

दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध भिंत घातली. वर आढं एक, छप्पर एक, म्हणून भिंत अर्ध्यावरच थांबवली. वाटणीच्या दिवशी पंचांनी सासूबाईंना विचारलं, तुम्ही कुणात जेवणार? आमच्यात हे आईनंच सांगायचं असतं, चारचौघांत. सासूबाई म्हणाल्या, "धाकटीत. थोरलीचं तोंड गप बसत न्हाय. ऐकता ऐकता माझा घास गार हुतोय."

सगळे हसले. मीही हसले. हसू नको तर काय करू?

पण त्या अर्ध्या भिंतीवरून सगळं ऐकू यायचं. सासूबाई मालूच्या कानाशी ओरडून बोलायच्या, त्यामुळं त्यांची गुपितंसुद्धा माझ्या चुलीपर्यंत यायची. आणि गुपितं तरी कसली — आमटीला मीठ जास्त झालं, अमकीचं लुगडं पहिल्याच धुण्यात विटलं. पण दोघी हसत बसायच्या. मी इकडं भाकरी थापत. आमचे मालक दिवसाला चार शब्द बोलणारे, त्यातले दोन बैलांशी. मी कुणाशी बोलू? — हे मी स्वतःला सोडवायला सांगत नाही. तेव्हा असं होतं, एवढंच.

ज्या वर्षाचं सांगायचंय, त्या वर्षीही दोघांचं छप्पर एकाच दिवशी उतरवलं. पुरुष वर, आम्ही दोघी खाली अंगणात. मी पाटावर बसून वाजवायची, मालू उचलून ठेवायची. बोलायचा प्रश्नच नव्हता. आमची खूण ठरलेली — चांगलं असेल तर मी ज्याच्या ढिगात जायचं त्या बाजूला तळहात करायचा, तुळशीकडचा ढीग तिचा, गोठ्याकडचा माझा. फुटकं असेल तर मान हलवायची. मग ती ते नेऊन परसात टाकायची.

सकाळभर मी नीट वाजवलं. मग कधीतरी एक कौल बद्द वाजलं — आणि मी मान हलवली नाही. तळहात तुळशीकडं केला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, जशी ती नेहमी बघायची, आणि कौल नेऊन आपल्या ढिगात ठेवलं. अलगद ठेवलं, फुटू नये म्हणून.

एकच असतं तर हात चुकला म्हणाले असते. पाटीभर तरी झाली असतील. खोटं बोलले म्हणायचं का ह्याला? मी तर तोंडही उघडलं नव्हतं. कितीतरी वर्षं मी एवढ्यावरच निभावलं.

काय हवं होतं मला? थोडं गळावं. तिच्याकडं गळावं, माझ्याकडं नको. सासूबाईंनी एकदा तरी म्हणावं, थोरलीकडं बघ कसं कोरडं आहे. बस, एवढंच. असलं मागणं एवढंसंच असतं, म्हणून करताना काही वाटत नाही.

मिरीग लागून पंधरवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हा समुद्रात वादळ उठलं. दुपारीच अंधारून आलं. वारं असं की परसातला शेवगा मुळासकट आडवा. भिंतीपलीकडं फटाफट आवाज झाले आणि पाणी धो धो आत. सासूबाई तापानं पडून होत्या, नेमक्या त्याच कोपऱ्यात. त्यांच्या वाकळेसकट त्या भिजल्या. मालूनं त्यांना पाठीवर घेऊन माझ्या दारात आणलं. माझ्याकडं एक थेंब गळला नव्हता.

वारं पडल्यावर मालक शिडी लावून वर गेले. उरलेली काही कौलं खाली आणली, ओसरीवर बसून एकेक वाजवलं. बद्द. बद्द. म्हणाले, "ही चढवली कुणी? सगळी चिरलेली हाईत की."

सासूबाई वाकळ पांघरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ह्या बहिरीच्या हातात दिल्यावर आणि काय हुणार. थोरलीनं टाकून दिलेली उचलून ढिगात घातली आसंल."

मालूला ते ऐकू गेलं नाही. मग भाऊजींनी, तिच्या नवऱ्यानं, तिच्या उजव्या कानाशी जाऊन ते तिला सांगितलं. मोठ्यानं, शिव्यांसकट. मी शिडी धरून उभी होते.

सासूबाई परत तिच्याकडं गेल्या नाहीत. शेवटपर्यंत माझ्यातच जेवल्या. मला पाहिजे होतं तसं झालं. पण माझ्याकडं त्या फारशा बोलल्या नाहीत, मी बोलायची आणि त्या हूं म्हणायच्या. भिंतीपलीकडून तर आवाज यायचाच बंद झाला. तिच्याशी ओरडून बोलणारं दुसरं कोण होतं? हळूहळू गावातही बोललं जाऊ लागलं — तिच्यावर काम सोडू नका, तिला कळत न्हाय. लग्नाकार्यात तिला भांडी घासायला बसवायचे. तिथं ऐकायला काही लागत नाही.

इथवर सांगितलं तरी मुख्य राहिलंच. बघा, अजून मी आडूनच चाललेय.

वादळानंतर दोन दिवसांनी मालू विहिरीवर माझ्याजवळ आली. माझा हात धरला. म्हणाली, "आक्का, तुम्ही मान हलवलेली आसणार, माझंच ध्यान नव्हतं. तुमाला बोलणं बसलं न्हाय न्हवं माझ्यापायी?"

तेव्हा सांगता आलं असतं. विहिरीवर आम्ही दोघीच होतो. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "हुतंय कधी कधी. जाऊ दे, मी मनात ठेवलं न्हाय."

मी तिला माफ केलं. कळलं का तुम्हाला? मी. तिला. आणि तिचे डोळे भरून आले. पुढं दर वर्षी ती स्वतःहून मला बोलवायला यायची — आक्का, माझी कौलं तुम्हीच वाजवा. मी वाजवायची, नीट वाजवायची. ती मला चहा करून द्यायची.

यंदा मुलांनी ठरवलं, आता पत्रा घालायचा. मोबाईलवर सारखं दाखवतात, समुद्रात वादळ, समुद्रात वादळ. कौलं उतरवली. त्यातली चांगली शेतातल्या खोपीसाठी निवडायची होती, म्हणून मी पाटावर बसले. मालू समोर येऊन बसली. तिच्या लेकीनं बेळगावात नेऊन तिला कानाचं मशीन बसवून आणलंय. म्हणाली, "आता मी बी वाजवून बघते की."

मी फुटकं म्हणून ठेवलेलं एक कौल तिनं उचललं. वाजवलं. बद्द. मग चांगलं उचललं. खण्ण. परत पहिलं.

"हे फुटकं व्हय, आक्का?"

"व्हय."

"एवढं येगळं वाजतंय?"

"व्हय."

"मला वाटलेलं लई बारीक फरक आसंल. तुमचा कान म्हणून तुमाला कळतंय." ते कौल ती थोडा वेळ मांडीवर धरून बसली. "हे तर कुणालाबी कळंल की गं."

इतक्या वर्षांत तिनं मला गं कधी म्हटलं नव्हतं. मग तिनं ते कौल परसाच्या बाजूला ठेवलं, पुढचं उचललं, वाजवलं, बरोबर ढिगात ठेवलं. दिवसभर तिनं मला एकही कौल विचारलं नाही. संध्याकाळी चहा आला तो तिच्या सुनेच्या हातून.

तिला काय कळलं, ते मला माहीत नाही. मला मात्र वादळाच्या वर्षी, त्या दिवशीही कळत होतं. एकेक कौल मी हातावर घेतलं, वाजवलं, आवाज ऐकला, आणि मग तळहात तिच्याकडं केला.