गव्हात बुडालेलं स्टेशन

गेल्या नवरात्रात आमच्या देवघराच्या खोलीत एक अख्खं रेल्वे स्टेशन गव्हात बुडालं. जीवितहानी झाली नाही. होता होता राहिली, आणि ती माझ्या हातून झाली असती!

मी एका कारखान्यात हिशेब तपासतो. मोजल्याशिवाय मी चहात साखरही टाकत नाही. तीन वर्षं खपून मी देवळालीच्या धर्तीवर एक स्टेशन बनवलं होतं, खऱ्यापेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. फलाट, सिग्नल, कांद्याचे ट्रक, कॅम्पातली नखाएवढी तोफ, मागे डोंगर, सगळं मापात. ऑफिसात याला ‘साहेबांची झुकझुक’ म्हणतात. (तेही माझ्याच डब्यातली चटणी खात!) दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या छंदमंडळाचं प्रदर्शन होतं, म्हणून तिथे मी अख्ख्या ऑफिसला बोलावलं होतं. येऊन बघा म्हणावं, हा खेळ आहे का ते!

रुळांशेजारची शेतं तेवढी बाकी होती. मी सायखेड्याला सासूबाईंना फोन केला.

“आई, मळ्यातली काळी माती हवी होती. बारीक चाळलेली.”

“आणते की, जावईबापू! लय बरं वाटलं बघा!”

मातीने कुणाला एवढं बरं वाटतं? पण मी त्यावर विचार केला नाही. सासूबाई माती घेऊन राहायलाच आल्या. मी ती रुळांच्या दोन्ही बाजूंना पसरली आणि कंगव्याने सऱ्या पाडल्या. सासूबाई शेजारी उभ्या राहून भरल्या डोळ्यांनी बघत होत्या. मला वाटलं, चला, या घरात एकीला तरी कलेची कदर आहे!

दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर मालधक्क्यावर मातीचा घट! वर नारळ, छतापासून लोंबणारी झेंडूची माळ, सिग्नलशेजारी अखंड दिवा. आणि माझ्या सऱ्यांत गहू!

“सुनंदा!!!”

“ओरडू नका, दिवा विझेल,” बायको म्हणाली. “नवरात्राच्या तोंडावर तुम्ही चाळलेली काळी माती मागितलीत. आणखी कशाला मागतात?”

“शेतं करायला!”

“मग शेतंच झाली की!” सासूबाई म्हणाल्या. “पेरलं नाय तर त्याला शेत कोण म्हणल?”

“हे आत्ताच्या आत्ता उचला!”

दोघींनी एकदम कानांवर हात ठेवले. बसलेला घट हलवत नाहीत. दसऱ्यापर्यंत नाही म्हणजे नाही. मी रागाने न जेवता झोपायला गेलो. (भूक लागली तेव्हा उठून साबुदाण्याची खिचडी खाल्ली. पण रागानेच!)

सासूबाई रोज पाणी शिंपडायच्या. गहू वाढला. मी पट्टी लावली : पंधरा सेंटिमीटर. म्हणजे माझ्या मापात तेरा मीटर, चार मजली गहू! फलाटावरचे प्रवासी दिसेनात. इंजिन सुरू करून पाहिलं, तर ते ऐटीत गव्हात शिरलं आणि बाहेर आलंच नाही. मी काढायला हात घातला.

“हात नाय लावायचा!” सासूबाई कडाडल्या. “ऱ्हाऊ द्या त्याला. देवीच्या सावलीत हाय.”

इतक्यात मंडळाच्या सबनिसांचा फोन. “काय, सीनरी कुठवर आली?”

“वाढतेय,” मी दात खाऊन म्हणालो.

खंडेनवमीला सासूबाईंनी हत्यारांची पूजा केली. विळी, सुरी, आणि ती नखाएवढी तोफ! तिच्यावर एवढं हळदकुंकू वाहिलं की तोफ पुन्हा दिसलीच नाही. मी घरभर ओरडत फिरलो, “माझं प्रदर्शन तुम्ही बुडवलंत! तुम्ही आणि तुमच्या गव्हाने!” कुणी उलट बोललं नाही. उलट न बोलणाऱ्या माणसांचा मला भयंकर राग येतो!

अखेर दसरा उजाडला. घट उठला. सासूबाईंनी गहू उपटून देवीला वाहिला, उरलेला माझ्या टोपीत खोवला आणि इंजिन पुसून हातात दिलं. मी तासभर माती सारखी केली. स्टेशन पुन्हा स्टेशन दिसू लागलं! टेम्पोवाला आला, शेजारचे दोघे मदतीला आले. आम्ही स्टेशन उचललं आणि दारापाशी नेलं.

आडवं धरलं, तर खालची फळी अडली. उभं धरलं, तर डोंगर अडला.

“साहेब,” टेम्पोवाला म्हणाला, “चौकट फोडायची का डोंगर?”

“चौकटीला आज तोरण लावलंय,” सुनंदा म्हणाली. “डोंगराचं काय ते तुम्ही बघा.”

मी पट्टी आणली. दार पंचाहत्तर सेंटिमीटर, डोंगर ब्याऐंशी. तीन वर्षं त्या खोलीत मी मुंगीएवढ्या बाकाचे पाय मोजले होते. दार सोडून सगळं मोजलं होतं! म्हणजे गहू उगवला नसता, तरी हे स्टेशन त्या खोलीतून निघणारच नव्हतं.

फोन वाजला. सबनीस.

“निघालात ना? तुमचं सगळं ऑफिस उद्या येणार म्हणतंय!”

“छे हो,” मी अत्यंत भाविक आवाजात म्हणालो. “स्टेशनवर घट बसलाय. आमच्याकडे फार कडक असतं. हलवता येत नाही.”

मागून सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आवो जावईबापू, घट तर सकाळीच उठला की!”

मी फोनवर तळहात दाबला आणि कळवळून म्हणालो, “आई, तेवढा परत बसवा!”