माहीत नाही, हेही उत्तरच

धुळ्याहून फोन आला तेव्हा मी जळगावात, पिंप्राळ्यातल्या घरी ओवीचा, माझ्या मुलीचा, डबा भरत होते. अक्का गेल्या. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंद. धुळ्यातच देवपुरात एकट्या राहायच्या, सगळी नोकरी त्यांनी बालवाडीत केली. दशक्रियेला जो तो म्हणत होता, किती शांत स्वभावाच्या होत्या. महिना होत आला तरी ते वाक्य मला बोचतंय, म्हणून लिहायला बसले. अक्का शांत नव्हत्या. हट्टी होत्या, आणि तो हट्ट त्यांनी जन्मभर लहान मुलांच्या बाजूने धरला.

तरुणपणी चोपड्याचं सासर सोडून त्या माहेरी आल्या, त्या परत गेल्या नाहीत. लग्नकार्यात बायका अजूनही आडून आडून विचारायच्या, काय झालं होतं गं तेव्हा? अक्का पानावरून मान वर न करता म्हणायच्या, "ते मी सांगणार नाही." राग नाही, रडणं नाही. मी नवी सून होते, मला त्यांची भीतीच वाटायची. पुढे ओवी झाली आणि ती भीती गेली.

ओवी साडेतीन वर्षांची असताना गाणी म्हणायची, बाजारातल्या भाज्यांची नावं घ्यायची. पण काही विचारलं की तोच प्रश्न आपल्याला परत करायची. "पाणी हवं का?" म्हटलं की, "पाणी हवं का?" पाहुण्यांना गंमत वाटायची, ते मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचे. एका खाजगी शाळेत मुलाखतीला नेलं. बाईंनी नाव विचारलं, तिने बाईंनाच त्यांच्या सुरात नाव विचारलं. "हिला प्रश्नच कळत नाहीत, आमच्याकडे जमणार नाही," असं सांगून त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं. ह्यांनी, माझ्या नवऱ्याने, अक्कांना फोन केला. शनिवारी त्या एसटीने जळगावला हजर. नंतर कितीतरी महिने दर शनिवारी येत राहिल्या.

"तिला वाटतं, तुम्ही तिला म्हणायला शिकवताय," अक्का म्हणाल्या. "प्रश्नाला पुढे काहीतरी जोडायचं असतं, हे तिला कोणी दाखवलंच नाही." मग आमच्या घरात वेगळंच सुरू झालं. ओवीला काही विचारायचं नाही. मी अक्कांना विचारायचं, अक्कांनी उत्तर द्यायचं, ओवीने नुसतं बघायचं. ह्यांना दाराबाहेर उभं करून कडी वाजवायला लावायच्या. मी म्हणायचं, "कोण?" अक्का दार उघडून म्हणायच्या, "बाबा." शेजारचे लोक बघत, आणि हे स्वतःच्याच दाराबाहेर अवघडून उभे. एका शनिवारी मी "कोण?" म्हटलं आणि अक्का बोलल्याच नाहीत. कडी वाजत राहिली... मला राहवेना, मी तोंड उघडणार तोच अक्कांनी माझा दंड धरला. ओवीने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बाबा." दार उघडलं तेव्हा ह्यांचे डोळे भरले होते.

'कोण'नंतर 'कुठे' आलं. वाटीखाली लिंबू लपवायचं आणि शोधायचं. मग 'काय'. आणि त्यानंतर अक्कांनी तिला शिकवलं, "माहीत नाही." मी म्हटलं, "अक्का, आधी उत्तरं तरी येऊ देत." त्या म्हणाल्या, "हे उत्तरच आहे. ज्या पोराला हे म्हणता येत नाही, ते घाबरून काहीही बोलतं, नाहीतर गप्प बसतं."

पुढच्या वर्षी त्याच शाळेत पुन्हा गेलो, या वेळी अक्का बरोबर होत्या. ओवीने नाव सांगितलं, कुठे राहते ते सांगितलं. बाईंनी एका चित्रातल्या पक्ष्यावर बोट ठेवून विचारलं, हा कोणता? ओवीने नीट बघितलं आणि म्हणाली, "माहीत नाही." बाई माझ्याकडे वळल्या, "बघा, अजून..." अक्का म्हणाल्या, "तिने उत्तर दिलंय, बाई. खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं का?" प्रवेश मिळाला नाही. रिक्षात मी रडत होते. अक्का म्हणाल्या, "रडू नकोस. त्यांची परीक्षा झाली, ते नापास झाले." त्या परत न जाता थांबल्या आणि सोमवारी ओवीला घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत घेऊन गेल्या. तिथल्या बाईंना एवढंच सांगितलं की ही उत्तर देते, जरा उशिरा देते. त्या बाई म्हणाल्या, "देऊ दे की."

ओवी आता आठवीत आहे. अजूनही विचारल्यावर थोडा वेळ घेते, आणि नवीन माणसं अजूनही तिला मंद समजतात. समजोत.

जाण्याआधी अक्कांना अर्धांगाचा झटका आला, वाचा गेल्यासारखी झाली. धुळ्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टर विचारत होते, "आजी, नाव काय तुमचं?" मोठ्या दिरांनी लगेच नाव सांगितलं. गाव विचारलं, तेही त्यांनीच सांगितलं. ओवी पलंगाच्या कडेला उभी होती. ती म्हणाली, "काका, तुम्हाला नाही विचारलं. आत्याला विचारलंय." डॉक्टर थांबले. अक्कांचे ओठ हलले, बराच वेळ नुसते हलत राहिले... मग त्यांनी आपलं नाव सांगितलं. अर्धवट, पण स्वतःचं स्वतः.

देवपूरच्या घराची पुढची खोली भाड्याने देऊ, असं दीर म्हणत होते. निवृत्तीनंतरही अक्का तिथे आयाबायांची लहान पोरं घेऊन बसायच्या. मी नाही म्हटलं. सुनेने एवढ्या ठामपणे नाही म्हणायची आमच्या घरात रीत नाही. परवाच्या शनिवारी एसटीने गेले, कुलूप काढलं, चटई अंथरली. खिडकीच्या कट्ट्याखाली, पोरांच्या हाताला येईल इतक्या खाली, अक्कांनी भातुकलीची भांडी मांडून ठेवलेली होती. मी ती पुसत होते, तेवढ्यात एक बाई कडेवर मुलगी घेऊन दारात आली. तिला काही माहीत नव्हतं.

"अक्का शेतस का घर मा?"

"अक्का नही ऱ्हायन्यात," मी तिच्याच अहिराणीत म्हटलं.

तिने मुलीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "हाई काहीच बोलत नही, ताई. बठ्ठा म्हनतस, मुकी शे."

"बठ्ठास्ले म्हनू द्या," मी म्हटलं. "म्हणोत सगळे. तिला खाली उतरवा, आणि तुम्ही बसा."