लाल खिडकी आणि वायरमनचा हात

"ह्याला रोग आधीपास्नंच व्हता. आत्ता दुकानात नेऊन आदळतो!" गौतमकाका म्हणाले. कळंबच्या त्यांच्या घरात नवाकोरा कॉम्प्युटर पुन्हा खोक्यात चालला होता. त्यांची मुलगी प्रज्ञा खोकं धरून उभी होती. शाळेच्या प्रश्नपत्रिका टाइप करायचं काम तिला नुकतंच मिळालं होतं. मशीन गेलं की कामही गेलं.

मी तेव्हा मंचरला कॉम्प्युटर दुरुस्त करायचो आणि ग्राहकांच्या हक्कांची पत्रकं वाटायचो. प्रज्ञाने मला बोलावून घेतलं होतं, आणि इथं दोन्हींची गरज होती.

मशीन लावलं. स्क्रीनभर न मागितलेलं सामान: अर्धवट गेम, कुठलीशी डिक्शनरी आणि एक ट्रायल अँटिव्हायरस. ट्रायल म्हणजे थोडे दिवस फुकट, मग पैसे भरा. मी माऊस धरतोय तोच लाल खिडकी उघडली: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!

खटॅक! स्क्रीन गेली, पंखा थांबला. काकांनी मेन स्विच पाडला होता.

"काका, अहो!"

"लाल दिसलं की पयला सप्लाय तोडायचा. जलमभर वायरमनकी केली, म्हणून जिता हाय."

म्हणजे रोज हेच चाललं होतं. चालू मशीनची लाइट अशी तोडली की पुढच्या वेळी ते आपली डिस्क तपासत बसतं आणि लवकर सुरूच होत नाही. ती तपासणी म्हणजेच काकांचा 'रोग'. आणि लाल खिडकी? ती जाहिरात होती. माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच पैशाच्या वस्तूतून भीती घालायची आणि वर पैसे मागायचे. हा धंदा नव्हे, दमदाटी आहे.

"हे सगळं काढतो," मी म्हणालो.

"नाय! दुकानदार म्हणलाय, आतलं काय बी काढलं तर वॉरंटी गेली."

मी दुकानात फोन लावला.

"कंपनीनं दिलंय राव, ऱ्हाऊ द्या की," दुकानदार म्हणाला. "काढलं तर आमी जबाबदार न्हाई."

"ठीक. एवढंच लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी द्या. पत्रकात छापतो."

दुकानदाराचा आवाज एकदम मऊ झाला. "लिहून कशाला, भाऊ? घरचीच माणसं तुमी. काढा काय काढायचं ते!"

मेन स्विच वर करून मी मशीन पुन्हा चालू केलं. नुसता आयकॉन पुसून भागत नाही. ती पाटी असते, मागे दुकान चालूच राहतं. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन प्रोग्रॅम मुळातून काढावा लागतो. ड्रायव्हर नावाच्या प्रोग्रॅमला मात्र हात लावायचा नाही, आवाज आणि प्रिंटर त्याच्यावरच चालतात. गेम गेले, डिक्शनरी गेली. शेवटी अँटिव्हायरस. त्याच्या जागी टाकायला फुकट मिळणाऱ्या अँटिव्हायरसची सीडी मी आणली होती.

जाता जाता ट्रायलवाल्याने पुन्हा लाल खिडकी उघडली: संरक्षण जाईल!

काकांचा हात बोर्डाकडे गेला. आता लाइट गेली असती तर अर्धं निघालेलं, अर्धं अडकलेलं घेऊन मी दिवसभर झगडलो असतो. प्रज्ञा बोर्डापुढे आडवी झाली.

"आप्पा, हात खाली! आत काम चालू हाय!"

काकांचा हात तिथेच थांबला. खांबावर माणूस असताना स्विचला कोणी शिवत नाही, हे त्यांना मी काय सांगणार?

ट्रायलवाला निघाला, सीडीवरचा टाकला. मशीन पुन्हा सुरू झालं ते चटकन. प्रज्ञाने पहिला प्रश्न टाइप केला. काकांनी बराच वेळ स्क्रीन न्याहाळली. "लाल गेलं जनू," म्हणाले आणि आत गेले. वायरमनकीच्या जुन्या पिशवीतून पत्र्याची पाटी आणून त्यांनी मेन स्विचवर टांगली: काम चालू आहे, हात लावू नये.

नवं मशीन घरी आलं की आधी आत काय काय कोंबलंय ते बघा, नको ते काढा. दुकानदाराने तोंडी नियम सांगितला तर लेखी मागा. बहुतेक नियम तिथेच संपतात.