न भाजलेला राब

खालापूरला फौजदार असतानाचे ते प्रकरण अजून विसरलो नाही, विसरण्याची इच्छाही नाही. घाटाखाली दरोडेखोरांची एक टोळी माजली होती. त्यांच्याकडे बंदुका होत्या, पण डोंगर पालथा घातला तरी एकही बंदूक हाती लागेना.

कर्जतच्या बाजारातल्या मीठवाल्याने खबर दिली की, एक म्हातारा एका घराला लागेल त्याच्या कितीतरी पट मीठ नेतो. तो टोळीला शिधा पोचवणार हे उघड होते; त्याला धरून ठाण्यात आणले. अंगाला हात लावायचा नाही, असे मी शिपायांना बजावले. म्हातारा बढाईखोर होता, आणि बढाईखोराला ऐकणारा मिळाला की पुरते. हत्यारे कुठे आहेत ते त्याने सांगितले नाही, पण डोंगरात का नाहीत ते ऐटीत सांगितले.

"आमी मूठभर, फौजदारसाहेब. एका जागी ठेवली तर एका छाप्यात जातील. म्हणून गावात वाटली. आता झडत्या घ्या, लोकांना बेड्या घाला. ज्याला न्याल, त्याचं घर आमचं."

शेजारच्या गावात नेमके तेच झाले होते. माझ्या वरच्या साहेबांच्या हुकुमाने घरांची छपरे उसकटली, गंजकी तलवार मिळाली आणि सारे गाव आमच्यावर उलटले.

वैशाख सरत आला होता. टोळीचा वावर असलेल्या गावात सगळ्यांचे राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पसरलेला शेणपाला, भाजून झालेले. एका विधवेच्या शेतात मात्र शेणपाल्याचा थर तसाच. पावसाआधी राब भाजला नाही तर भाताचे रोप धरत नाही, हे इथे शेंबड्या पोरालाही कळते. बाई वर्षाच्या भातावर पाणी सोडते ती त्याहून मोठ्या भीतीपोटीच. मी तिला सरळ विचारले.

"भाजला तर खालची बंदुकीची दारू उडंल," ती म्हणाली. "काढली तर ते मारतील. सांगितलं तर तुमी न्याल. मी काय करू, तुमीच सांगा."

थराखाली बंदुका आणि दारूची मडकी निघाली. हत्यारे धाकाने ठेवली, बाई निर्दोष, असे मी पंचनाम्यात लिहिले आणि तिच्या दारी पहारा बसवला. अटक का नाही म्हणून साहेब कडाडले. मी म्हटले, नोकरी घ्या, पण बाईला नेणार नाही.

तिला नेले नाही, हे पाहून लोक आपण होऊन चावडीवर आले. कोणी पेंढ्यातून बंदूक आणली, कोणी कणगीतून तलवार. टोळी रिकाम्या हातांनी शरण आली.

कमजोर टोळी लोकांत हत्यारे पेरते, ती पोलिसांचा हात लोकांवर पडावा म्हणून. तो हात आवरायला मी त्या प्रकरणात शिकलो. बाईचा राब माझ्या शिपायांनीच भाजून दिला. पुढे तिच्या शेतातली लावणी मी बांधावर उभा राहून पाहिली. ते सांगताना आजही ऊर भरून येतो.