शेळी आणि भोंगा

"बंद कर त्यो भोंगा! बंद कर म्हंते ना! पडंल की ती!"

माले गावाच्या अलीकडच्या माळावर एक धनगर बाई आमच्या बंबावर काठी आपटत होती. आजवरच्या आगींनी बंबाचं जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या काठीनं दोन मिनिटांत केलं.

तिची शेळी विहिरीत पडली होती. रस्त्यानं जाणाऱ्या दूधवाल्यानं आम्हाला फोन केला होता. विहिरीला कठडा नव्हता. शेळी निम्म्यावर, परातीएवढ्या कपारीवर उभी होती आणि खाली काळं पाणी. भोंगा वाजला की ती जागच्या जागी गरकन फिरायची आणि पाण्यात खडे पडायचे.

भोंग्याची आम्हाला सवयच. सूसच्या सोसायटीत लिफ्ट अडकली आणि आम्ही गुपचूप गेलो, तर लोक म्हणतात, इतका वेळ कुठं होता? म्हणून आमचा ड्रायव्हर त्या ओसाड माळावरही, दोन टिटव्यांना बाजूला सारायला, भोंगा वाजवतच आला होता.

त्यानं तो बंद केला. अशी शांतता झाली की ताम्हिणी घाटात कुणी शिंकलं असतं तरी ऐकू आलं असतं.

"गाभण हाय," बाईचा आवाज एकदम खाली आला. "आन् म्होरं चालनारी हाय. ती गेली तर ही बाकीची कुनाच्या मागं जात्याल?"

बाकीची शेरडं चरायचं सोडून विहिरीकडे बघत उभी होती.

आमच्या साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पथकात सगळ्यात सडपातळ मीच, म्हणजे नव्वद किलोचा. पट्टा बांधून मला आत सोडलं. विहीर तेव्हा पस्तीस फूट होती. मी पहिल्या वर्षी ती पन्नास सांगायचो, आता शंभरावर गेलीय. गाळ न काढता दरवर्षी खोल होणारी मुळशीतली ही एकच विहीर.

मी हात पुढे केला, तशी शेळीनं हेल्मेटवर शिंग हाणलं आणि ती कडेला सरकली. तिचा मागचा एक पाय हवेतच.

"मावशी, ही ऐकंना!"

"तू गप ऱ्हा आदी."

बाई काठावर पालथी झोपली आणि तिनं घशातल्या घशात हाक दिली, "हुर्र... ये माजी बाय... हुर्र..." शेळीनं कान वर केले आणि ती खांबासारखी थांबली. मी पोटाखालून पट्टा घेतला, गाठ मारली, तोवर वरची हाक एकदाही तुटली नाही. पट्टा घेताना आतल्या करडानं माझ्या तळव्यावर लाथ मारली. हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

वर आल्यावर शेळीनं अंग झाडलं आणि काही झालंच नाही अशी ती चालू लागली. अख्खा कळप तिच्यामागं.

साहेब कागद भरत होते. मी चिखलानं माखलेला, हेल्मेटला पोचा. छाती काढून म्हणालो, "मावशी, सांगा की साहेबांना, शेळी कशामुळं वाचली?"

बाईनं काठी खांद्यावर टाकली.

"भोंगा बंद केला म्हनून."